आईचे गुडघे दुखतात, चढ अजिबात नको. धारावीजवळच्या निसर्ग उद्यानात चालायला नेऊ का? किती किलोमीटर चालणं होईल? ‘त्या भागात’ नेणं ठीक आहे ना?

न्या, बिनधास्त न्या. वाट सपाट आहे आणि सावली भरपूर. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ‘त्या भागात’ असं लिहिलंत, म्हणून मी उत्तर द्यायला बसले. मी त्याच भागातली. लेबर कॅम्पात वाढले, लग्नानंतर मुलुंडला आले.

आज जिथे झाडं आहेत तिथे आमच्या लहानपणी मुंबईचा कचरा पडायचा. उन्हाळ्यात तो पेटायचा आणि दोरीवरच्या कपड्यांना धुराचा वास लागायचा. माझी आई वारा बघून कपडे वाळत घालायची. 1977 मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं. मग त्यावर माती पडली, रोपं लागली आणि 1994 मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान सगळ्यांसाठी उघडलं. जागा 37 एकर. एका अंगाला मिठी नदी आणि खारफुटी, नदीपलीकडे बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती, अलीकडे आमची धारावी. जमीन सपाट आहे ती डोंगर कापून केलेली नाही, शहराने टाकलेल्या घाणीवर माती पसरून झालेली आहे. 2018 मध्ये धारावीच्या पुनर्विकासात हे उद्यानही ओढायचं घाटत होतं, तेव्हा लोकांनी विरोध केला. तेव्हा त्या भागाबद्दल विचाराल तर मुंबईत एवढं दाट, शांत झाडीतलं सपाट चालणं दुसरीकडे शोधून दाखवा.

आता माझ्या सासूबाईंचं सांगते. त्या राजापूरकडच्या. जन्मभर चाललेल्या, पण उतारवयात मुलुंडच्या फ्लॅटमध्ये अडकल्या. सोसायटीच्या आवारात गाड्या, फुटपाथवर फेरीवाले, चालणार कुठे? माझ्या नणंदेचे यजमान ठाण्याचे, दर रविवारी येऊरचा डोंगर चढणारे. त्यांचं एकच म्हणणं, ‘वहिनी, शरीराला चढ लागतो. सपाटीवर चालणं म्हणजे वेळ काढणं.’ त्यांनी सासूबाईंना येऊरला नेलं. चढताना त्या काही बोलल्या नाहीत, उतरताना गुडघा धरून बसल्या. गुडघा सुजला तो सुजलाच. त्यानंतर त्यांनी चालण्याचं नावच टाकलं. ‘माझं आता झालं,’ म्हणायच्या.

हिवाळ्यात मी त्यांना नेचर पार्कात नेलं. घरात कोणालाच पटलं नव्हतं. नणंदेच्या यजमानांनी तर फोनवर विचारलं, ‘आईंना डम्पिंग ग्राउंडवर फिरवणार?’ मी उत्तर दिलं नाही, टॅक्सी केली.

आत शिरल्यावर पहिली काही मिनिटं त्या माझा हात घट्ट धरून होत्या. मग एका झाडापाशी थांबल्या, खाली पडलेली चपटी शेंग काठीने पुढे ओढली आणि म्हणाल्या, ‘करंज गो!’ झाडावर नावाची पाटी होती, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. पुढे उंबर ओळखला, अर्जुन ओळखला. प्रत्येक झाडाशी थांबणं, हात लावणं, पुन्हा चालणं. मागून शाळेची मुलं आली. त्यांतल्या एकीने विचारलं, ‘आजी, ह्याचं काय करतात?’ सासूबाईंनी तिथेच उभ्या उभ्या करंजेलाचं सगळं सांगितलं: बिया कशा गोळा करायच्या, खरजेला तेल कसं लावायचं, देवळात दिव्याला कसं घालायचं. मुलं ऐकत होती. मला वाटतं, येऊरच्या त्या रविवारनंतर त्या इतका वेळ पायांवर पहिल्यांदाच उभ्या होत्या, आणि गुडघ्याचं नावही काढलं नाही. परतताना मला म्हणाल्या, ‘पुढच्या आठवड्यात येऊ या.’

संध्याकाळी नणंदेच्या यजमानांचा प्रश्न आला: किती किलोमीटर झाले? तुम्हीही तेच विचारलंय, म्हणून दोघांना एकच उत्तर देते. मोजलं नाही. ज्या बाईने चालणं सोडलं होतं तिला पुन्हा चालावंसं वाटलं, मला तेवढं पुरे. चढ चढणाऱ्यांनी खुशाल चढावं, पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला चढ दाखवून ‘जिद्द’ शिकवू नये. गुडघ्यावर खरा भार येतो उतरताना, आणि घसरगुंडीच्या वाटेवर म्हातारं माणूस भीतीने अंग आखडून चालतं. सपाटीवर ती भीती नसते, म्हणून बोलणं होतं, इकडेतिकडे बघणं होतं. आई बोलत बोलत चालू शकते आहे ना, एवढंच बघा. धाप लागून बोलणं तुटलं की बसवा.

काठी वापरत असतील तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात द्या. बहुतेक लोक उलटं करतात. टोकाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर निघण्याआधी बदला. शिवाजी पार्कला फेऱ्या मारता येतात हे मला माहीत आहे, तिथला कट्टा बसायलाही छान. पण तिथे बाजूने माणसं धावत, फोनवर बोलत जातात आणि म्हाताऱ्यांना सारखं सरकावं लागतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. डास आहेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून न्या. ओहोटीला मिठीचा वास येतो, उन्हाळ्यात जास्त. पावसाळ्यात हिरवं फार सुंदर असतं पण पाय घसरतो, तुमच्या आईसाठी डिसेंबर-जानेवारीची सकाळ चांगली. गुडघा गरम लागत असेल किंवा सुजला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग चालणं. वेळा आणि तिकीट निघण्याआधी फोन करून विचारा, आणि व्हीलचेअरचंही त्यातच विचारून घ्या.

सायन-वांद्रे लिंक रोडवर धारावी डेपोजवळ गेट आहे. सायन स्टेशनवरून टॅक्सीवाल्याला ‘नेचर पार्क’ सांगा. त्याने ‘तिकडे काय आहे?’ विचारलं तर आईलाच उत्तर देऊ द्या.