खुन्यापेक्षा ज्यांचा जीव गेला त्यांच्याबद्दल सांगणारी सत्यघटनांवरची पुस्तकं कोणती?

तुम्ही लिहिलंय की गुन्ह्यांवरची खरीखुरी पुस्तकं आवडतात, पण खुन्याच्या बालपणावर शंभर पानं आणि मेलेल्या बाईला दोन ओळी, याचा आता वीट आलाय. माझं नोकरीचं आयुष्य ठाण्यात कोर्टात स्टेनो म्हणून गेलं, त्यामुळे ही तक्रार मला फार ओळखीची वाटली. आमच्या कागदांत आरोपीचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला, सगळं नीट असायचं. गेलेला माणूस एकदा नावाने यायचा, मग 'मयत'. दोघं असतील तर 'मयत क्र. 1' आणि 'मयत क्र. 2'. कोर्टाला दोष नाही, खटला आरोपीवर चालतो. पुस्तकाला मात्र तशी सक्ती नसते.

पहिलं नाव हॅली रूबेनहोल्ड यांच्या 'द फाइव्ह'चं (2019). लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1888 साली जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याच्या हातून मेलेल्या पाच बायकांची ही चरित्रं. रिपर कोण होता याची चर्चा नाही, आणि खुनांची रसभरीत वर्णनंही नाहीत. पॉली लोहाराची मुलगी, नवरा छापखान्यात कामाला. एलिझाबेथ स्वीडनहून आलेली. केट जोडीदाराबरोबर गावोगाव हिंडून गाण्यांची चोपडी विकायची. पाचही जणी वेश्या होत्या असं सगळे सव्वाशे वर्षं धरून चालले होते. लेखिका कागदपत्रं चाळून म्हणते की निदान तिघींबद्दल तसा पुरावाच नाही, त्या बेघर होत्या आणि बहुधा झोपेत मारल्या गेल्या. रिपरवर आयुष्य घालवलेली मंडळी यावर तिच्यावर भयंकर उखडली. बिचाऱ्यांचा नायकच पुस्तकातून गायब!

मला त्यात सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर शेवट. त्या बायकांपाशी सापडलेल्या वस्तूंच्या नुसत्या याद्या. पॉलीकडे कंगवा, पांढरा रुमाल, आरशाचा तुकडा. केटकडे चहा-साखरेच्या पत्र्याच्या डब्या, मोडक्या चष्म्याचा भाग, गहाणाच्या चिठ्ठ्या, लाल हातमोजा. मुद्देमालाच्या असल्या याद्या मी जन्मभर टाइप केल्या, जेवणाच्या सुट्टीआधी संपवायच्या म्हणून भराभर. पण इथे आधी तीनशे पानं त्या बाईबरोबर काढलेली असतात, मग चहाची डबी वाचून पुढे जाववत नाही.

आता आपल्याकडचं. जोशी-अभ्यंकर खून आठवतात ना? 1976 साली मी शाळेत होते. प्रकार पुण्यातला, पण आमची ठाण्याच्या नौपाड्यातली मावशीसुद्धा संध्याकाळी कडी दोनदा बघायची. खून करणाऱ्या चौघांना 1983 साली येरवड्यात फाशी झाली. त्यातल्या एकाचं तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन निघालं आणि लोकांनी ते आवडीने वाचलं. मीही वाचलंय, खोटं कशाला बोलू? पण अभ्यंकरांचे खून झाले त्या बंगल्यातले काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे संस्कृत व्याकरणाचा कोश लिहिणारे मोठे पंडित, हे मला पन्नाशीनंतर कळलं. आणि त्याच रात्री तिथे घरकाम करणाऱ्या सकूबाई वाघही मारल्या गेल्या. खटला बळींच्या आडनावांनी ओळखला जातो, तरी सकूबाई त्या नावात नाहीत.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. असं पुस्तक हातात आलं की 'मयत क्र. 2'ला किती जागा दिली ते बघते. नोएडात 2008 साली आरुषी आणि घरातला नोकर हेमराज असे दोघं गेले. पहिल्या दिवशी पोलिसांना संशय हेमराजवरच होता, दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह गच्चीवर सापडला. अविरुक सेन यांचं त्यावरचं पुस्तक तपास आणि खटल्यासाठी जरूर वाचा, पण नाव बघा: 'आरुषी'.

दुसऱ्याला नावं ठेवून आपण सुटत नाही म्हणा. 2016 च्या फेब्रुवारीत आमच्या ठाण्यातच, कासारवडवलीत एका घरात एका रात्रीत 14 जण मारले गेले. मारणारा घरचाच, त्यानेही गळफास घेतला. एक बहीण तेवढी वाचली. महिनाभर शेअर रिक्षात, भाजीवाल्याकडे एकच विषय: त्याने असं का केलं? मीही तेच बोलत होते. त्या घरातल्या मुलांपैकी एकाचंही नाव मला सांगता आलं नसतं.

क्रिस्तीना रिवेरा गार्सा यांचं 'लिलियानाज इन्व्हिन्सिबल समर' याला 2024 चं पुलित्झर मिळालं. लेखिकेची धाकटी बहीण लिलियाना, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, 1990 साली मेक्सिको सिटीत मारली गेली. एकोणतीस वर्षांनी लेखिका कोर्टकचेऱ्यांत फाईल शोधायला जाते, फाईल सापडत नाही. मग ती बहिणीची खोक्यात ठेवलेली पत्रं आणि वह्या उघडते. अर्धं पुस्तक त्या मुलीच्याच अक्षरातलं आहे असं वाटतं. रेकॉर्ड रूमच्या चकरा ज्यांनी मारल्या आहेत त्यांना ते जास्तच कळेल.

रॉबर्ट कोल्कर यांचं 'लॉस्ट गर्ल्स' (2013) लिहिलं गेलं तेव्हा न्यूयॉर्कजवळ मुलींचे मृतदेह सापडल्याच्या त्या प्रकरणात कोणी पकडलंच गेलं नव्हतं, अटक 2023 मध्ये झाली. खुनी नाही म्हटल्यावर पुस्तक आपोआप त्या पाच मुलींचं झालं.

भंडारा जिल्ह्यातल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडावरचं आनंद तेलतुंबडे यांचं 'खैरलांजी' (2008) व्यक्तींपेक्षा जातीबद्दल जास्त आहे. तरी सुरेखा भोतमांगे त्यातून दिसते: जमीन न सोडणारी, मुलांना शिकवणारी, मारहाणीच्या प्रकरणात साक्ष द्यायला न घाबरलेली. 29 सप्टेंबर 2006 ला ती आणि तिची तिन्ही मुलं संपवली गेली. साक्षीदार फितूर होताना मी रोज बघितलेत, म्हणून ती साक्ष मला फार मोठी वाटते.

'द फाइव्ह'पासून सुरुवात करा. इंग्रजी जड जात असेल तर पिंकी विराणी यांचं 'अरुणाची गोष्ट' घ्या, केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावरचं, ते मराठीत आहे. खैरलांजी एका बैठकीत वाचू नका. मला जमलं नाही, दोनदा मिटून ठेवावं लागलं.