शेवटची गाडी

बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी जांबोटी क्रॉसला जुन्या गाड्यांच्या क्लबची रॅली थांबली होती, तिचे तू काढलेले व्हिडिओ रात्री निवांत बघितले. काळी अँबॅसॅडर, दोन फियाट, पिवळी बीटल, जुनी विलीज जीप, सगळ्या आल्यात. शेवटची मात्र एकातही नाही. धुळीने माखलेली पांढरी बोलेरो आली तोवर तुम्ही पोरं मोबाईल खिशात टाकून पांगला होता. खाली तू विचारलंयस, "काका, मला असल्या क्लबात जायचंय, काय करू?" त्याचं उत्तर त्या बोलेरोत होतं, म्हणून हे पत्र.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते सांगतो. चहा पिऊन मंडळी चोर्ल्याकडे निघाली आणि निळी फियाट काही स्टार्ट होईना. बॅटरी जोरात, सेल्फ फिरतोय, पण इंजिन उचलत नाही. मार्चचं ऊन, तापलेलं इंजिन, त्यात बॉनेट लावून अर्धा तास एका जागी उभी. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो हे तुला दाखवलंय. गाडी उभी राहिली की वारा लागत नाही, पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ काही पंपाला ओढता येत नाही. मग कार्बोरेटर कोरडा.

बोलेरोतून पन्नाशीचा मेस्त्री उतरला. बॉनेट उघडलं, पंपाला बोटांची मागची बाजू लावली, झटकन काढली आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "स्वल्प नीर कोडी," म्हणजे थोडं पाणी द्या. फडका भिजवला, पिळला, पंपाभोवती गुंडाळला आणि तांब्यातून बेताबेतानं पाणी सोडत राहिला. पाणी प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर उडू नये म्हणून डावा हात मध्ये आडवा धरलेला. तो हात मी बघत राहिलो. दहा मिनिटांनी गाडी स्टार्ट झाली.

तोवर बाकीच्या गाड्या पुढं निघून गेल्या असतील असं मला वाटलेलं. नाही. वळणापलीकडे सगळी रांग कडेला लागून उभी होती. आरशात मागची गाडी दिसली नाही की आपण थांबायचं, आपण थांबलो की पुढचा थांबतो, असं त्यांचं ठरलेलं असतं. सगळ्यात हळू गाडीला वाट दाखवणाऱ्याच्या मागोमाग ठेवतात आणि हत्यारं घेऊन एक जण सगळ्यांच्या शेवटी येतो. वाटेत कुणी मागं राहिलं तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही.

बोलेरोच्या मागच्या भागात मी डोकावलो. फॅन बेल्ट, ठिणगीसाठी लागणारे पॉइंट, कंडेन्सर, प्लग, रेडिएटरचे होज, ब्रेक ऑइल, दोरखंड. पद्मिनी, म्हणजे आपण जिला फियाटच म्हणतो ती, निघायची 2001 साली थांबली, अँबॅसॅडर 2014 साली. कंपनीच्या दारात जाऊन पार्ट मागायची सोय उरली नाही. कुणाच्या घरी जुना पंप आहे, कोण डायफ्रॅम, म्हणजे पंपातला पडदा, बसवून देतो, हे ज्यांना ठाऊक त्यांच्या जिवावर या गाड्या रस्त्यावर आहेत. पॉलिश कुणीही करून घेतो.

एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही, ती स्पष्ट लिहितो. शेवटच्या व्हिडिओत तू मोटारसायकलवरून, एका हातात मोबाईल धरून, दोन गाड्यांच्या मधे शिरलायस. जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. तू समोर आडवा आलास तर ती तुझ्या मोटारसायकलसारखी जागेवर थांबणार नाही. तुझ्या वयाचा असताना मी अनमोड घाटात गिऱ्हाइकाची अँबॅसॅडर पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली होती. तिसऱ्या वळणावर ब्रेक लायनरचा जळका वास आला, पॅडल दाबतोय आणि गाडी ऐकत नाही. डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली म्हणून वाचलो. गिऱ्हाईक शेजारीच बसलेलं होतं. एक शब्द बोललं नाही, ते अजून लागतं. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. कणकुंबीच्या पुढं उतार लागला तेव्हा त्या सगळ्यांनी हेच केलं असणार, कारण त्यांच्यात शिकवणारा कुणीतरी आहे.

आणि नंबरप्लेटी बघितल्यास? केए-22, एमएच-09, गोव्याच्या दोन, सगळ्या एका रांगेत. आपल्या सीमाभागात पाटी वाचून माणूस ठरवायची सवय पोरवयातच लागते. त्या मेस्त्रीनं कानडीत पाणी मागितलं, फियाटवाला कोल्हापूरचा, पाणी दिलं आपल्या मराठी हॉटेलवाल्यानं. मला फार बरं वाटलं.

तर क्लबात जायला तुझ्याकडे गाडी लागत नाही. कर्ज काढून जुनी गाडी घ्यायचं डोक्यातून काढ, वडिलांवर आधीच ट्रॅक्टरचे हप्ते आहेत. बोलेरोतल्या मेस्त्रीला मी तुझ्याबद्दल बोललोय. पुढच्या खेपेला हाताखाली एक पोरगा चालेल म्हणाला, पण पॉइंटची गॅप आणि पंप स्वतः करता आला पाहिजे.

रविवारी सकाळी आठला ये. शेडमागच्या फियाटचा पंप काढून ठेवतो, डायफ्रॅम तू बसव. येताना घरून जुन्या सुती धोतराचा फडका आण, इथले सगळे ऑइलनं माखलेत.

तुझा,
गॅरेजवाला काका