बेळगावात घरं आवरून द्यायचा धंदा: वहिनींना करू द्या, पण कपाटं नंतर, कागद आधी

डॅलसहून एका ताईंनी विचारलंय, की टिळकवाडीत राहणाऱ्या त्यांच्या वहिनींना होम ऑर्गनायझरचं काम सुरू करायचंय, म्हणजे लोकांचे माळे, ट्रंका, कपाटं नीट लावून द्यायची, पण घरचे म्हणतात आवराआवरीला कोण पैसे देतंय, तर यात काही अर्थ आहे का आणि मी इथून काय मदत करू?

अर्थ आहे की ताई. आणि पैसे देणारे तुम्हीच लोक आहात. शहापूर, हिंदवाडी, निपाणी, खानापूर, कुठंही बघा, आईवडील एकटे राहणारी नाहीतर कुलूप लागलेली घरं गल्लोगल्ली आहेत, मुलं अमेरिकेत नाहीतर दुबईत, तीन आठवड्यांच्या रजेवर येतात, त्यातले निम्मे दिवस पाहुण्यांकडं जातात आणि शेवटच्या दोन दिवसांत घाईनं पोती भरून भंगारवाल्याला दिली जातात. त्या पोत्यांत काय गेलं ते दोन वर्षांनी घर विकायला काढल्यावर कळतं.

म्हणून वहिनींना माझं पहिलं सांगणं हे, की डबे आणि लेबलं नंतर, कागदांपासून सुरुवात करा. आपला हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं आजोबांच्या ट्रंकेत खरेदीखत, वाटणीपत्र मराठीत, काही तर मोडीत, आणि त्यानंतरचे सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि हे सगळं एकाच पिशवीत लाइटबिलांबरोबर कोंबलेलं असतं. तुमच्या मुलांना यातलं काहीच वाचता येणार नाही. वहिनींना मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, मोडी वाचता आली नाही तरी कागद मोडीतला आहे एवढं ओळखता आलं की बास, तो वेगळा काढून जाणकाराला दाखवता येतो. सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, शेतीची पहाणी म्हणजे सातबाऱ्यासारखा उतारा, वडिलांचं मृत्युपत्र, सगळं वेगवेगळ्या फाइलीत लावायचं आणि स्कॅन करून तुम्हाला पाठवायचं. आता शहरातलं घर विकायचं तर ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन नोंदीचा उतारा लागतो, आणि त्यासाठी कागद शोधायची वेळ आली की माणसं विमानाची तिकिटं काढून येतात! कागदी शेअर सर्टिफिकेट सापडली तर ती रद्दी समजू नका, २०१९ पासून कागदी शेअर विकता येत नाहीत, आधी डीमॅट म्हणजे ऑनलाइन खात्यात जमा करावे लागतात, आणि सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात, पण वारसांना ते तिथून मागता येतात. आणि जुने कागद लॅमिनेट अजिबात करायचे नाहीत, खराब होतात. आपल्याकडच्या पावसाची ओल, कसर आणि वाळवी बघता झाकणाच्या पेटीत, जमिनीपासून उंच, भिंतीला न चिकटवता ठेवायचे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घरात आई राहत असेल तर गिऱ्हाईक आई आहे, पैसे मुलगा पाठवत असला तरी. मुलं फोनवरनं सांगतात सगळं टाकून द्या म्हणून, पण ती पितळेची घागर, लग्नातली शहापूरची हातमागाची साडी, बाळंतविड्याची दुपटी कुठं ठेवायची ते आईच ठरवणार. तिच्याजवळ बसून, तिला विचारत, तिच्या वेगानं काम व्हायला पाहिजे, दिवसाला एकच फडताळ झालं तरी चालेल. हे ज्या मुलांना पटत नाही त्यांचं काम वहिनींनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद घरात मात्र उलट काळजी. सोनं, रोकड, लॉकरच्या किल्ल्या घरच्या माणसानं आधीच काढून घ्यायच्या, आणि पहिलं कपाट उघडताना व्हिडिओ कॉल चालू पाहिजे. आपल्याकडं सकाळी १० वाजतात तेव्हा डॅलसला हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात, जमतं की. प्रत्येक खोक्याला नंबर, आत काय त्याचा फोटो, आणि व्हॉट्सअॅपवर लेखी हो आल्याशिवाय एक वस्तू बाहेर जायची नाही. भंगार, रद्दी, पितळ विकून आलेले पैसे तुमच्या खात्यावर, वजनाच्या चिठ्ठीसकट. चांगली मराठी पुस्तकं असली तर आधी इथल्या वाचनालयात विचारायचं, मग रद्दी.

पैसे दिवसावर घ्यायचे, कपाटावर नको, कारण कुठल्या कपाटात काय निघेल सांगता येत नाही. पहिल्या भेटीचे सुद्धा घ्यायचे, नाहीतर ओळखीतले लोक सल्ला फुकट घेऊन जातात आणि परत फोन करत नाहीत. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन फुकट होतं, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर सहसा लागत नाही. बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढा, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांनी आपल्या एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या इथल्या) खात्यातून रुपयातच पैसे द्यावेत, ते सगळ्यात सोपं पडतं.

आता तुमचं. तुम्ही एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असाल आणि ईएडी, म्हणजे कामाचा परवाना नसेल तर मैत्रिणींना वहिनींचं नाव सांगा, तेवढंच, कमिशन घेणं, बुकिंग बघणं, हिशोब सांभाळणं हे काम धरलं जाऊ शकतं आणि त्यासाठी व्हिसा धोक्यात घालू नका. एच-१बी वर, म्हणजे स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर असाल तरी तेच. ग्रीन कार्ड असेल तर भागीदारी करता येईल, पण भारतातलं उत्पन्न तिथल्या टॅक्समध्ये दाखवावं लागतं, आणि भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो, तेव्हा आधी सीपीएला, म्हणजे तिथल्या हिशोबतज्ज्ञाला विचारा. धंदा वहिनींच्याच नावावर राहू दे.

पहिलं काम तुमच्याच माहेरचं द्या, पूर्ण पैसे देऊन. पाऊस संपला की ऑक्टोबरात सुरू करायला सांगा, म्हणजे डिसेंबरला तुम्ही याल तेव्हा फाइली लावलेल्या असतील आणि ठेवायचं काय, द्यायचं काय हे भावाबरोबर बसून ठरवायला तुमच्याकडं रजा शिल्लक असेल.