जुन्या एफएम रेडिओ ट्यूनरवर स्टिरिओ लावला की खरखर येते आणि 'स' फाटतो. बिघाड कुठे असेल?

ट्यूनर १९७० च्या दशकातला जपानी, दोन काट्यांचा (एक सिग्नलचा जोर दाखवणारा, दुसरा ट्यूनिंग नेमकं मध्यावर आहे का ते दाखवणारा), अमेरिकेतून आणलेला आणि आता ठाण्यात लावलेला, असं तुम्ही लिहिलंय. मोनोत आवाज स्वच्छ असेल तर आधी अँटेना बघा, झाकण नंतर उघडा.

स्टिरिओला मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त सिग्नल लागतो. हातभर वायरीवर ते भागत नाही. ७२-७२ सेंटिमीटर तारेचे दोन तुकडे एका रेषेत आडवे ताणा. मधल्या टोकांना टीव्हीची ७५ ओहमची केबल जोडा: एकाला आतली तार, दुसऱ्याला जाळी. ट्यूनरला फक्त ३०० ओहमचे स्क्रू असतील तर मध्ये बॅलन (७५ ओहमची केबल ३०० ओहमला जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) घाला. मग अँटेना फिरवून ऐका. फिरवल्यावर 'स' सुधारला तर दोष इमारतींवरून उलटून येणाऱ्या सिग्नलचा. ट्यूनरला हात लावू नका.

काहीच फरक पडला नाही तर म्युटिंग (स्टेशनांमधली सरसर दाबणारं बटण) बंद करून जोरदार स्टेशन लावा. सिग्नलचा काटा सर्वांत वर जातो, त्याच जागी दुसरा काटा मधोमध हवा. नसेल तर डिटेक्टरची (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाची) कॉइल जुळणीतून सरकलीय. बहुधा तिच्या बुडातला छोटा सिरॅमिक कपॅसिटर जुना झालेला असतो. ट्यूनर अर्धा तास तापू द्या, कॉइलच्या आत फिरणाऱ्या फेराइटच्या स्क्रूची, म्हणजे कोरची, मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा. दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी नुसती सरसर ऐकू येत असताना काटा मध्यावर येईपर्यंत कोर हळूच फिरवा. पाव फेऱ्याच्या पुढे सहसा जावं लागत नाही. स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचाच घ्या: लोखंडी पातं जवळ नेलं की ट्यूनिंगच हलतं, शिवाय फेराइट तडकतो. कॉइलच्या डब्यात दोन कोर असतील तर काटा हलवणाराच फिरवा. दुसरा डिस्टॉर्शनचा (आवाजाची विकृती कमी करण्याचा) असतो, तो उपकरणाशिवाय पुन्हा जुळत नाही.

वाइड-नॅरो बटण (शेजारची स्टेशनं किती गाळायची ते ठरवणारं) असेल तर वाइडवर ठेवा. मुंबईची ९१.१, ९१.९, ९२.७ ही स्टेशनं एकमेकांपासून ८०० किलोहर्ट्झ दूर आहेत. नॅरोने इथे फायदा नाही, उलट आवाज बिघडतो.

अमेरिकन मॉडेल १२० व्होल्टचं असतं, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. त्याचा डी-एम्फसिस (प्रसारणात वाढवलेले तीव्र सूर पुन्हा खाली आणणारी जुळणी) ७५ मायक्रोसेकंदांचा, आपला ५० चा, म्हणून १० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबल दबतो. स्टिरिओ डीकोडरच्या (डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या भागाच्या) आउटपुटवरचे दोन्ही कपॅसिटर दोन तृतीयांश क्षमतेचे करा, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०१५. दोन्ही एकाच वेळी बदला, नाहीतर डावा-उजवा आवाज वेगळा लागेल.