मंत्री आल्या, मंत्रीण आली, की मंत्रिणी?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या मंडळाच्या स्मरणिकेत एका बाईंचा जीवनपरिचय छापायचा आहे. बाई राज्यात मंत्री होत्या, आणि त्याच्या आधी आणि नंतरही वस्तीवस्तीत काम करत राहिल्या. लिहून आलेल्या मजकुराची पहिलीच ओळ 'माजी महिला मंत्री व ज्येष्ठ महिला कार्यकर्ता' अशी आहे. हे चालेल, की 'मंत्रीण', 'मंत्राणी', 'मंत्रिणी' यांतले काही घ्यावे?

ताई, दोन्ही 'महिला' आधी खोडा. सीताबर्डीपासून कामठीपर्यंत कुठल्याही कार्यक्रमात माईक हातात घेतलेला माणूस 'महिला मंत्री महोदया आलेल्या आहेत' असे म्हणतो आणि माझ्या कपाळावर आठी पडते. 'पुरुष मंत्री आले' असे कोणी म्हणते का? इंग्रजीचे क्रियापद बाई की बुवा ते सांगत नाही, म्हणून तिथे आधी एक शब्द चिकटवावा लागतो. मराठीत 'मंत्री आल्या' म्हटले की काम झाले. ती 'ल्या' एवढी बोलकी असताना पुढे पाटी कशाला लावायची?

'मंत्राणी' तर मुळातच चुकले. इंद्राणी, भवानी यांच्या चालीवर कोणीतरी ते बनवले आहे. पण संस्कृतात हा 'आनी' प्रत्यय बायको दाखवतो. व्याकरणकारांनी 'आचार्या' आणि 'आचार्यानी' असे दोन वेगळे शब्द ठेवले, ते याचसाठी. आचार्या स्वतः शिकवते, आचार्यानी आचार्यांच्या घरी असते. मंत्रिपदाची शपथ घेतलेल्या बाईला 'मंत्राणी' म्हणणे म्हणजे तिचे पद तिच्या नवऱ्याला देऊन टाकणे. (आणि 'मंत्रिपद' लिहिताना 'त्रि' ऱ्हस्वच, 'मंत्रिमंडळ'सुद्धा. मूळ शब्द मन्त्रिन्. स्मरणिकेत 'मंत्रीमंडळ' छापलेले दिसले तर तेही दुरुस्त करून घ्या.)

या मन्त्रिन् शब्दाचा प्रवास सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 'मन्' म्हणजे विचार करणे. मंत्र म्हणजे मसलत, खलबत, आणि ती देणारा तो मंत्री. हा शब्द जहाजांबरोबर मलय मुलखात गेला आणि तिथे 'मंतरी' झाला. १५११ साली पोर्तुगिजांनी तिथले मलाक्का बंदर घेतले, त्यांच्या तोंडी तो 'मंदारीं' झाला आणि चीनच्या दरबारी अधिकाऱ्यांना ते त्याच नावाने ओळखू लागले. तोच पुढे इंग्रजीतला मँडरिन. नंतर हे नाव सैल सालीच्या नारिंगी फळाला चिकटले. अधिकाऱ्यांच्या झग्याच्या रंगावरून ते आले, असा एक तर्क आहे. आता कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग डोळ्यांपुढे आणा. त्या फळाचे शास्त्रीय लिखाणातले नाव आहे 'नागपूर मँडरिन'. ज्या गावच्या संत्र्याच्या नावात मंत्री बसला आहे, त्या गावाने मंत्री शब्दाचे स्त्रीरूप दुसऱ्यांना विचारावे, याची मला फार गंमत वाटते.

काही जाणकार ठासून सांगतात की मँडरिन पोर्तुगीज 'मांदार' म्हणजे हुकूम करणे, यावरून आला. त्यांनी मलय भाषेचे पान उघडलेले दिसत नाही. तिथे 'मंतरी' आजही जिवंत आहे, मंत्र्याला आजही तेच म्हणतात. 'मांदार'मुळे फार तर 'त'चा 'द' झाला असेल, एवढे मी देतो. 'संत्रे' हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला म्हणणाऱ्यांचीही तीच गत. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानची फळे सांगताना 'संगतरा' लिहून ठेवला आहे. त्याला पोर्तुगिजांकडून शब्द उसना घ्यायची गरज नव्हती.

तर 'मंत्रिणी'. हा शब्द कोणी कालपरवा घडवलेला नाही. ललितासहस्रनामात देवीचे एक नाव आहे 'मन्त्रिणीन्यस्तराज्यधूः', म्हणजे मंत्रिणीवर राज्याची धुरा सोपवून दिलेली. आपल्याकडे 'धुरा' म्हटले की शेताचा बांध डोळ्यापुढे येतो. हा तो धुरा नव्हे. ही जुवाची धुरा, बैलाच्या खांद्यावरची. राणी ललिता, आणि राज्य हाकते तिची मंत्रिणी श्यामला. त्या शब्दात बायकोपणाचा मागमूस नाही, निव्वळ अधिकार आहे. घरोघरी बायका शुक्रवारी हे नाव म्हणतात आणि शनिवारी 'महिला मंत्री' लिहितात, याचे मला वाईट वाटते.

'मंत्रीण' खेड्यातल्या तोंडचा. वऱ्हाडीत 'मंत्रीन बाई'. त्याला कोणी नाक मुरडू नये. हुद्द्याच्या नावाला लागलेला 'ईण' आधी बहुधा बायको दाखवत होता हे खरे, पाटलीण ही पाटलाची बायको. पण 'मास्तरीण' बघा. शाळेत बाया शिकवू लागल्या आणि मास्तरीण म्हणजे स्वतः शिकवणारी झाली. 'डॉक्टरीण' अजून अर्ध्या वाटेवर आहे, दोन्ही अर्थ चालतात. माझे मत असे की 'ईण' प्रत्ययाचा अर्थ बाईच्या हाती काम आले की बदलतो. बाया मंत्री होत राहिल्या की 'मंत्रीण'ही मास्तरिणीच्या वाटेने जाईल.

तोवर एक अडचण उरते, ती मान्य केली पाहिजे. 'मंत्र्यांनी उद्घाटन केले' यात क्रियापद उद्घाटनामागे जाते, बाई दिसत नाही. 'कार्यकर्त्यांनी सतरंज्या घातल्या' यातही तेच. अशा ठिकाणी 'मंत्रिणींनी उद्घाटन केले' लिहा, कानाला चार दिवसांत सवय होईल.

'कार्यकर्ता'ला मात्र माफी नाही, कारण 'कार्यकर्ती' हा शब्द तयार आहे आणि त्यातली 'कर्ती' आपल्या घरातली आहे. माझी आजी शेजारच्या विधवा बाईबद्दल म्हणायची, 'मोठी कर्ती बाई आहे.' त्या बाईने दोन एकर कोरडवाहूवर चार पोरे मोठी केली होती. कर्ती म्हणजे जिच्या हातून गोष्टी होतात ती. 'समाजसेविका'त ते वजन नाही, सेविका म्हटले की बाई हात जोडून उभी दिसते. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले. समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे ते तिथे म्हणाले. त्या मंडपात हजारो बाया जमवणाऱ्यांना सेविका म्हणायचे? गिरणीतल्या राधाबाई कांबळे कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. जाईबाई चौधरींनी डोक्यावर ओझी वाहिली आणि मुलींची शाळा काढली. या कर्त्या बाया होत्या.

अनसूयाबाई काळे १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपसभापती झाल्या, याच नागपुरात. आता 'सभापती'त 'पती' आहे म्हणून कोणी 'सभापत्नी' करायला गेले नाही. सगळ्यांना कळत होते की पती म्हणजे इथे धनी, स्वामी, खुर्चीचा मालक. १९४२ च्या आंदोलनातल्या चिमूर-आष्टीच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी अनसूयाबाई झटल्या, १९५२ ला नागपूरच्या खासदार झाल्या. हे सारे लिहिताना वाक्यात एकदाही 'महिला' लागले नाही, बघा.

२००७ ला प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हाही हाच वाद पेटला होता. 'राष्ट्रपती झाल्या' एवढे लिहून वर्तमानपत्रांनी तो मिटवला, योग्य केले.

बाकी तुमच्या बाईंच्या परिचयाची पहिली ओळ मी अशी करीन: 'राज्याच्या माजी मंत्री आणि चाळीस वर्षे काम केलेल्या कार्यकर्ती.' चाळीसच्या जागी खरा आकडा घाला. आणि ओळीत 'ज्येष्ठ' ठेवायचेच असेल तर 'ज्येष्ठ कार्यकर्ती' लिहा. मात्र 'मंत्री'च्या आधी ते नको, माजी आणि ज्येष्ठ एकाच श्वासात आले की वाचणारा अडखळतो.