नव्याने आलेल्या बर्बन आणि व्हिस्कीच्या बाटल्या: पैसे देण्याआधी काय पाहावे

नमस्कार. घराजवळच्या मद्याच्या दुकानात ‘नवीन आगमन’ अशी पाटी लावलेल्या फळीवर बर्बन आणि व्हिस्कीच्या बऱ्याच बाटल्या आल्या, त्यांतील एक आपण गळ्यावरचा ठळक ‘१०’ पाहून दहा वर्षांची समजून घेतली, घरी आल्यावर लेबलवर ‘वर्षे’ असा उल्लेखच सापडला नाही, उघडताना बूच मधोमध तुटले आणि आता दुकानदार आयातदाराकडे व आयातदार दुकानदाराकडे बोट दाखवत आहे, असे आपण लिहिले आहे. तपशील थोडे वेगळे असले तरी याच दुखण्यातून मी गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बर्बन कशाला म्हणतात आणि माल्ट कशाला, हे आपल्याला ठाऊक असल्याचे आपल्या मजकुरावरूनच दिसते, त्यामुळे इतर वाचकांसाठी एवढेच की बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की आणि माल्ट म्हणजे मोड आणलेल्या सातूपासून केलेली. मी या व्यापारातला नाही आणि परतीचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, तेव्हा कायद्याच्या बाबतीत माझा शब्द अखेरचा मानू नये.

आधी त्या आकड्याविषयी. अमेरिकी बाटलीवरचा सुटा आकडा वयाचा असेलच असे नाही. जॅक डॅनियल्सवरचा ७ वर्षांचा नाही, वाइल्ड टर्कीवरचा १०१ हा प्रूफचा (मद्यार्काच्या टक्केवारीच्या दुप्पट) आकडा आहे, म्हणजे मद्यार्क ५०.५ टक्के, आणि मेकर्स मार्क ४६ मधला ४६ हा पिंपात घालायच्या ओकच्या फळ्यांच्या एका प्रकाराचा क्रमांक आहे. याहून फसवे उदाहरण म्हणजे ओल्ड चार्टर आणि व्हेरी ओल्ड बार्टन. त्यांच्यावरचे ८ आणि ६ हे आकडे एके काळी खरोखरच वर्षांचे होते. पुढे वर्षांचा उल्लेख निघाला आणि आकडा मात्र जागेवरच राहिला. माझ्या मते हे ग्राहकाशी प्रामाणिक वागणे नाही, पण नियमात बसते. वय मानायचे ते आकड्यापुढे वर्षांचा स्पष्ट उल्लेख असेल तेव्हाच, आणि तो उल्लेख मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. लेबलवर ‘स्ट्रेट बर्बन’ लिहिलेले असेल आणि वय कुठेच दिले नसेल, तर ती किमान चार वर्षांची आहे असे धरता येते, कारण चार वर्षांखालील असल्यास वय छापणे अमेरिकी नियमांनुसार बंधनकारक आहे. आपल्या बाटलीवर ‘स्ट्रेट’ आहे का, ते एकदा पाहा.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक मनस्ताप दिला, तिच्याकडे वळतो. ‘नवीन आगमन’ या पाटीचा अर्थ एवढाच की बाटली त्या दुकानात नव्याने आली. ती केव्हा भरली गेली, मधल्या काळात कोणाच्या गोदामात उभी होती की आडवी, उन्हाच्या झोतात होती की अंधारात, यांतले काहीही ती पाटी सांगत नाही. मी घेतलेली बाटली एकाच पिंपातून भरलेल्या बर्बनची होती. वेष्टन शाबूत होते, पण द्रवाची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा बोटभर खाली होती आणि लेबलचा एका बाजूचा रंग उडालेला होता. उघडताना बुचाची वरची लाकडी टोपी हातात आली, खालचा भाग गळ्यातच राहिला, आणि व्हिस्कीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता.

दुकानदाराने सौजन्याने आयातदाराच्या तक्रार-निवारण कार्यालयाचा पत्ता दिला. त्या कार्यालयाने प्रथम पावती मागितली, मग बाटलीची छायाचित्रे मागितली आणि त्यानंतर लॉट क्रमांक, म्हणजे बाटली कोणत्या खेपेत भरली ते सांगणारा क्रमांक, मागितला. हा क्रमांक बहुधा बाटलीच्या तळाजवळ काचेवरच लेझरने कोरलेला असतो, आणि माझ्या बाटलीवर नेमका त्याच जागी आयातदाराचा स्वतःचा कागद चिकटवलेला होता, ज्यावर आयातीचा तपशील आणि वैधानिक इशारा छापलेला असतो. आपल्याच कागदाखाली क्रमांक झाकला गेला आहे, असे मी कळवले. उत्तर आले की क्रमांकाशिवाय तक्रारीची नोंदच होऊ शकत नाही. तेव्हा कोमट पाण्याचा बोळा लावून मी त्या कागदाचा फक्त एक कोपरा उचलला, क्रमांक वाचला आणि त्याचे छायाचित्र पाठवले. त्यावर असे कळवण्यात आले की आयातदाराच्या कागदाशी छेडछाड झाल्यामुळे बाटली मूळ स्थितीत राहिलेली नाही, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. दूरध्वनी केला की दर वेळी नवी व्यक्ती बोलायची आणि सारी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागायची; वरिष्ठांशी जोडून द्या म्हटले की लेखी कळवा असे सांगितले जायचे आणि लेखी कळवले की प्रकरण बंद असल्याचे उत्तर यायचे. बाटलीच्या किमतीचे मला तेवढे वाईट वाटले नाही. ग्राहकाला जी माहिती हवी तीच झाकायची, तीच मागायची आणि त्याने ती दाखवली की त्यालाच दोषी ठरवायचे, या वागण्याचा संताप मात्र अजूनही गेलेला नाही. आपल्या मजकुरातील ‘क्रमांक कुठे आहे ते दिसत नाही’ हे वाक्य वाचले आणि लगेच हे उत्तर लिहायला घेतले.

म्हणून माझा ठाम आग्रह असा की बाटलीची तपासणी दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करावी. तिचे दाम चुकते झाले की ती कोणाचीच जबाबदारी उरत नाही. एकाच मालाच्या दोन-तीन बाटल्या शेजारी ठेवून पातळी पाहावी, कारण एकटी बाटली पाहून कमी-जास्त कळत नाही. बुचावरचे वेष्टन सैल फिरते का, त्याखालून चिकट ओघळ आला आहे का, हे पाहावे. खिडकीशी मांडलेली बाटली घेऊ नये, आतून दुसरी मागावी. त्यानंतर बाटली उजेडात तिरकी धरून तळाजवळचा कोरीव क्रमांक शोधावा. तो लिहिण्याची एकच सार्वत्रिक पद्धत नाही, पण अनेक उत्पादक वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि त्यापुढे वर्षातला कितवा दिवस हे तीन अंक देतात. तसे असेल तर १९२४५ म्हणजे २०१९ सालचा २४५ वा दिवस, अर्थात २ सप्टेंबर. काही जण वर्षाचा एकच अंक लिहितात, काही जण भरण्याची वेळ आणि यंत्राचा क्रमांकही जोडतात. क्रमांक कागदाखाली झाकलेला असेल, तर दुकानदारासमोरच तसे बोलून दाखवावे आणि दुसरी बाटली मागावी. आपण त्रास देतो आहोत असे वाटून गप्प बसू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाटली जुनी भरलेली असणे हा स्वतःमध्ये दोष नव्हे. काचेत गेलेली व्हिस्की वयाने वाढत नाही, आणि बूच व साठवण नीट असेल तर ती बिघडतही नाही. उलट कधीकधी जुनी भरलेली बाटलीच हातची सोडू नये अशी असते. एलायजा क्रेग स्मॉल बॅचवर पूर्वी बारा वर्षांचा उल्लेख असे, तो २०१६ मध्ये काढण्यात आला. त्याआधीची बाटली एखाद्या फळीवर धूळ खात असेल आणि पातळी गळ्यापर्यंत असेल, तर मी विचार न करता उचलेन. क्रमांक वाचण्याचा उपयोग असा दोन्हीकडून होतो.

उरलेल्या बाटल्यांपैकी कोणती घ्यावी, हा आपला दुसरा प्रश्न. लेबलवरच्या ‘स्मॉल बॅच’, ‘रिझर्व्ह’, ‘रेअर’, ‘ओल्ड’ या शब्दांना बर्बनच्या बाबतीत कायद्याची कोणतीही व्याख्या नाही. स्मॉल बॅच म्हणजे दहा पिंपे की काही शे, हे उत्पादकच ठरवतो. ज्याला खरी व्याख्या आहे तो शब्द म्हणजे ‘बॉटल्ड इन बाँड’. अमेरिकेचा हा कायदा १८९७ सालचा. त्यानुसार व्हिस्की एकाच डिस्टिलरीत (मद्य गाळण्याच्या कारखान्यात), एकाच हंगामात म्हणजे जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर या सहामाहीत काढलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि नेमक्या ५० टक्के मद्यार्काला भरलेली असावी लागते, आणि ती कोणत्या डिस्टिलरीची आहे हे लेबलवर सांगावे लागते. अनोळखी फळीसमोर उभे असताना मी डोळे मिटून विश्वास ठेवतो तो याच तीन शब्दांवर. हे माझे मत आहे. मऊ, गोडसर बर्बन आवडणाऱ्यांना ५० टक्के जड वाटेल, त्यांनी थोडे पाणी घालावे, त्यात कमीपणा काही नाही.

मागच्या लेबलवर ‘डिस्टिल्ड बाय’ लिहिले आहे की नुसते ‘बॉटल्ड बाय’ किंवा ‘प्रोड्यूस्ड बाय’, हेही वाचा. शेवटच्या दोहोंचा अर्थ अनेकदा असा असतो की व्हिस्की दुसऱ्याने काढली आणि यांनी ती विकत घेऊन भरली. तशा बाटलीवर ती ज्या राज्यात काढली त्याचे नाव बारीक अक्षरांत असते, आणि इंडियाना हे नाव वारंवार दिसते, कारण तिथल्या लॉरेन्सबर्ग गावातली एक मोठी डिस्टिलरी कितीतरी नाममुद्रांना माल पुरवते. बर्बनचे मुख्य राज्य असलेल्या केंटकीतही लॉरेन्सबर्ग नावाचे गाव आहे आणि वाइल्ड टर्की व फोर रोझेस तिथल्या आहेत, म्हणून गावाच्या नावावर थांबू नये, राज्य पाहावे. विकत घेतलेला माल वाईट असतो असे मला अजिबात म्हणायचे नाही. इंडियानातली ९५ टक्के राय (गव्हासारखे एक धान्य) असलेली व्हिस्की उत्तम आहे आणि तिच्या जोरावर अनेक नाममुद्रा उभ्या राहिल्या. पण समोरच्या लेबलवर खापरपणजोबांच्या पाककृतीची कथा आणि मागे बारीक अक्षरांत परके राज्य, अशा बाटलीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

स्कॉचच्या बाटल्यांना हीच कसोटी लावू नका. तिथे कॅरॅमल रंग घालण्यास परवानगी आहे, त्यामुळे गडद रंगावरून वयाचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे. बर्बनला असा रंग घालता येत नाही, तिचा सारा रंग आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातून येतो. याच कारणाने बारा वर्षांची स्कॉच आणि बारा वर्षांची बर्बन यांची तुलना होऊ शकत नाही. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपांत, थंड हवेत सावकाश मुरते; केंटकीच्या कडक उन्हाळ्यात कोरे लाकूड बर्बनमध्ये फार लवकर उतरते, आणि बारा-पंधरा वर्षांनंतर काही बर्बन मला लाकडाच्या कडवटपणाने निव्वळ कोरड्या लागतात. मोठा आकडा पाहून बर्बनला अधिक पैसे देऊ नयेत, असे माझे मत आहे, आणि ते न पटणारे जाणकारही पुष्कळ आहेत. फळीवर ‘जपानी’ म्हणवणारी व्हिस्की असेल तर तीही नीट वाचून घ्या, कारण तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्वतःचे निकष आणेपर्यंत परदेशी व्हिस्की मिसळूनही ते नाव वापरता येत होते. आणि दोन बाटल्यांच्या किमतींची तुलना करताना आकारमान पाहा: एक ७०० मिलिलिटरची आणि दुसरी ७५० ची असू शकते.

राहिली आपल्या हातातली बाटली. बुचाचा गळ्यातला तुकडा बारीक मळसूत्राने हलकेच वर ओढता येतो का ते पाहा. आत पडला तर व्हिस्की कॉफीच्या कागदी गाळणीतून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत काढून फिरकीचे घट्ट झाकण लावा. बुचाचे कण पडले एवढ्याने व्हिस्की वाया जात नाही, वास बिघडलेला नसेल तर ती निर्धास्त प्यावी. मात्र मूळ बाटली, बुचाचे दोन्ही तुकडे, वेष्टन आणि पावती यांतले काहीही टाकू नका. आयातदाराच्या कागदाला हात लावू नका. बाटली रिकामी झाल्यावर समोरच्या बाजूने विजेरीचा झोत टाकल्यास कागदाखालची अक्षरे कधीकधी काचेतून उलटी का होईना दिसतात, त्याचे छायाचित्र घ्या आणि आरशात वाचा. ते छायाचित्र आयातदाराला पाठवाच, पण त्याच दिवशी मूळ उत्पादकालाही लिहा. माझ्या प्रकरणात सरळ उत्तर मिळाले ते तिथूनच. त्यांनी क्रमांकावरून भरण्याचे साल सांगितले, ते मी समजत होतो त्याच्या कितीतरी आधीचे निघाले, आणि बुचाबद्दल खेदही व्यक्त केला. सीमेपलीकडे बदली बाटली त्यांना पाठवता येत नव्हती, परंतु ते पत्र दाखवल्यावर दुकानदाराने स्वतःहून किमतीतला फरक वळता केला. आपला दुकानदार तसे करीलच याची हमी मी देऊ शकत नाही.

आणि पुढच्या बाटल्या घरी उभ्याच ठेवा. वाइनची बाटली आडवी ठेवण्याची सवय असलेले लोक व्हिस्कीही आडवी ठेवतात आणि ४० टक्क्यांहून तीव्र मद्यार्क सतत लागून राहिल्याने बूच कुजते.

फळीवर राहिलेल्या बाटल्यांच्या मागच्या लेबलांची छायाचित्रे येथे टाकलीत, तर कोणती काय आहे ते वाचून सांगण्याचा मी प्रयत्न करीन. समोरच्या लेबलांची आवश्यकता नाही.