दाढ दाखवायला गेल्यावर डॉक्टर तोंडाच्या कॅन्सरचीही तपासणी करतात का?

करायला हवी, पण गर्दीत राहूनही जाते. म्हणून स्वतःच सांगा, "डॉक्टर, तंबाखू खातो, सगळं तोंड बघा." मिसरी लावणाऱ्या आईलाही न्या. 'मी कुठे तंबाखू खाते' म्हणेल, पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

काम दोन-चार मिनिटांचं. गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, हिरड्या, टाळू बघतात, मान चाचपतात. पांढरा-लाल चट्टा, गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण संशयास्पद वाटला, तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पक्कं निदान त्यावरच. सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, हीच गोची आहे.

गुटखा-सुपारीवाल्यांनी घरीच बघावं: शेवभाजीचा रस्सा हल्ली तोंडात आग लावतो का? आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर दाढ दुखायची वाट बघू नका. (राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. जळगाव-धुळ्याच्या टपऱ्यांवर काय मिळतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

वय ३० च्या पुढे असेल तर सरकारी आरोग्य केंद्रातही ही तपासणी फुकट होते.